पॅच २०१९चा, पीक यंदाचं

लाखनीजवळच्या एका बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून काकाजी ई-पीक पाहणीसाठी धानाचा फोटो काढत होते. फोटो काही वर चढेना, म्हणून फोन माझ्या हातात दिला. सेटिंगमध्ये शिरलो. अँड्रॉइड ९. सुरक्षा पॅचची तारीख, ५ ऑक्टोबर २०१९. आणि गॅलरीत धानाच्या फोटोला खेटून सातबारा, आधार, पासबुकाचं पहिलं पान.

धास्ती वाटली ती या शेजाराची. फोनमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची कुलूपबंद खोली असते. गॅलरी मात्र ओसरीवर. अँड्रॉइड ९पर्यंत ॲपला स्टोरेजची परवानगी एकदा दिली, की ओसरीवरचं सगळं त्याला वाचता येतं, बदलताही येतं. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून गूगलने तिथे आडभिंती घालायला घेतल्या. काकाजींच्या फोनला त्या मिळाल्याच नाहीत.

खोल्यांच्या कुलपांचाही भरवसा नाही. डिसेंबर २०१२मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ३, नोट २ अशा एक्सिनॉस चिपच्या फोनांत ‘एक्सिनॉस-मेम’ नावाची फाइल सापडली. तिच्यातून फोनची सगळी मेमरी वाचता-लिहिता येई आणि तिची परवानगी होती सर्वांना! घरभरच्या किल्ल्या खुंटीला टांगलेल्या. कुठलंही फुटकळ ॲप फोनचा मालक होऊ शकलं असतं. सॅमसंगने पुढच्याच महिन्यात दुरुस्ती पाठवायला सुरुवात केली.

दुरुस्त्या निघतात. धुऱ्यापर्यंत येत नाहीत.

‘फोन त मस्त चालते बाबू, मंग बदलू कायले?’ काकाजी म्हणाले. त्यांचं चुकतंय कुठे? धडधाकट वस्तू टाकून देणं हा माजच. चूक फोन विकून मोकळ्या होणाऱ्या कंपनीची आहे, आणि पिकाची नोंद फोनवर मागून त्या फोनच्या सुरक्षेबद्दल गप्प बसणाऱ्या सरकारची. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नियम लागू झाला आहे: मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे धानाच्या बियाण्याच्या पिशवीवर मुदत छापावी लागते. मग फोनच्या खोक्यावर शेवटच्या अपडेटची तारीख का नको?

आधार, पासबुकाचे फोटो आम्ही तिथेच काढून टाकले. एका टॉर्चच्या ॲपने स्टोरेजची परवानगी घेऊन ठेवली होती, तीही बंद केली. धानाचा फोटो संध्याकाळी रेंज आल्यावर गेला.