मुक्काम दादर, मालकी बदलापूर

मुंबईत माणसाचं स्वतःचं घर कुठे असतं? तो राहतो त्याच्यापुढे काही स्टेशनं. पार्ल्यात भाड्याने राहणाऱ्याचा फ्लॅट विरारला, दादरवाल्याचा बदलापूरला, आणि बदलापुरातल्या भाडेकरूनं नेरळला 'सेकंड होम' बुक केलेलं. पहिलं कुठाय, असं त्याला विचारू नये.

आमच्या ओळखीची एक मुलगी दादरला भाड्याने राहते. संध्याकाळी शिवाजी पार्कचा कट्टा, रविवारी शिवाजी मंदिरला नाटक, ऑफिसला जायला वीस मिनिटं. सुखात आहे, आणि हेच तिच्या गिरगावातल्या काकांना बघवत नाही. "भाडं म्हणजे पाण्यात पैसे गं! ती अडीचशेची कॉफी सोड आणि घर घे."

काकांचा शब्द खाली पडू नये म्हणून हिशेब मांडू. दादरच्या आसपास दीड कोटीत काय मिळतं हा विषय नाजूक आहे. तरी दीड कोटी धरू. पाऊण कोटीच्या वरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे साडेसदतीस लाख आपले. शिवाय ६ टक्के मुद्रांक शुल्काचे ९ लाख, नोंदणीचे ३० हजार. बाई असल्यामुळे तिला शुल्कात १ टक्का सूट आहे, पण ती फर्निचरवाल्याच्या नावानं सोडून देऊ. एकूण ४६ लाख ८० हजार. रोजची कॉफी सोडून वर्षाला वाचतात ९० हजार. म्हणजे ५२ वर्षांत काम फत्ते! मुलगी आज अठ्ठावीस वर्षांची आहे. ऐंशीव्या वर्षी ती रोकड घेऊन बिल्डरकडे जाईल. बिल्डर ५२ वर्षं त्याच भावावर पेन उघडून बसलेला असेलच. फक्त उरलेल्या ७५ टक्क्यांसाठी बँकेनं ऐंशीच्या बाईला वीस वर्षांचं कर्ज द्यायचं, एवढीच किरकोळ अडचण.

काका स्वतः पागडीच्या खोलीत राहतात. १९४७च्या कायद्यानं तिचं भाडं १९४०च्या पातळीला बांधलं. १९९९च्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तरी त्यांचं महिन्याचं भाडं पुतणीच्या एका कॉफीपेक्षा कमीच आहे. बचतीची शिकवण द्यायला माणूस असाच निवांत हवा. पुनर्विकास झाला की किमान ३०० चौरस फूट फुकट मिळणार, यावर त्यांची विठ्ठलाइतकीच श्रद्धा आहे. विटेवर उभं राहायची तयारीही दोघांची सारखीच.

पुतणीचा करार मात्र ११ महिन्यांचा. १९९९च्या कायद्यानं महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कितीही मुदतीचा असो, नोंदणी सक्तीची केली. नोंदणी टाळण्यासाठी बारावा महिना गाळायचं कारणच संपलं. पण एजंट मंडळी परंपराप्रिय. दर ११ महिन्यांनी एक भाडं दलाली मिळत असेल, तर पंचांगात बारावा महिना हवाच कशाला?

शेवटी रोजची कटकट नको म्हणून मुलीनं सुवर्णमध्य काढला. मौज दादरला, मालमत्ता बदलापूरला! २५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता २१,७०० रुपये. फ्लॅट भाड्याने दिला, ८ हजार येतात. उरलेले खिशातून जातात, पण आता त्यांना 'पाण्यात' म्हणत नाहीत, 'गुंतवणूक' म्हणतात. काकांनी पेढे वाटले. ते मुलीनंच आणले होते. नाटकं बंद झाली. दादरला राहून ती आता संध्याकाळी घरात बसते आणि कर्जाचं वेळापत्रक वाचते. पहिल्या हप्त्यातले १७,७०० व्याजाचे, हे वाचताना नाटकापेक्षा जास्त रडू येतं.

गेल्या महिन्यात तिच्या दादरच्या मालकांनी १० टक्के भाडं वाढवलं. ते स्वतः ठाण्यात भाड्याने राहतात आणि तिकडे वाढ झाली होती. लगेच हिनं बदलापूरच्या भाडेकरूला १० टक्के वाढवलं. त्यानंही आपल्या नेरळच्या भाडेकरूला वाढवलं असतं, पण तिथे बांधकाम अजून जोत्यापर्यंतच आलंय. त्यानं महारेराकडे तक्रार केली आहे. बिल्डरचं म्हणणं, काम अगदीच रखडलेलं नाही. पार्किंगच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचून ब्रोशरमधला स्विमिंग पूल ठरलेल्या मुदतीत तयार झाला आहे, आणि त्याचा मेंटेनन्स पुढच्या महिन्यापासून सुरू होईल.