नरसाळं आणि नवरी

आमच्या घरातल्या चार पिढ्या फुलांवर जगल्या. मोगरा, कागडा, जास्वंद, सोनचाफा. आणि त्याच घरातल्या लेकीने लग्न ठरल्यावर पहिली अट घातली ती ही : "माझ्या बुकेत फुलं नकोत."

"मग काय धरणार हातात? भेंडी?" मी विचारलं.

तिने ते गंभीरपणे घेतलं. "भाज्यांचे बुके असतात, पप्पा. पण ते रस्टिकमध्ये मोडतात. मला विंटेज हवाय."

आता आमचं थोडं सांगायला हवं. आम्ही वसईचे ख्रिस्ती. घराला लागून वाडी, वाडीत बावखल, बावखलाच्या काठाने फुलझाडं. आमच्या जास्वंदीच्या कळ्या पहाटेच्या लोकलने दादरला जातात आणि तिथून गणपतीच्या पायाशी. उलट आमच्या चर्चमधल्या लग्नांना गुलाब येतात मावळातल्या पॉलिहाऊसमधून आणि ऑर्किड थायलंडहून. सर्वधर्मसमभाव रोजच्या रोज टोपलीत भरून पाठवणाऱ्या आम्हा लोकांना स्वतःच्या लग्नात वाडीतलं फूल चालत नाही. ते फार घरचं दिसतं. एवढं मला ठाऊक होतं. पण लेकीने पुढची पायरी गाठली होती. तिला मावळचंही नको होतं.

तिच्या फोनवर या जुनेपणाचं आख्खं दुकान भरलेलं होतं. वाळवलेल्या फुलांचे गुच्छ होते. न खपून वाळलेलं फूल आमच्याकडे नुकसानीत धरतात आणि खताच्या खड्ड्यात टाकतात, तिथे त्याला फीत बांधून ताज्याहून जास्त भाव लावला होता. जुन्या पुस्तकांची पानं कातरून केलेले गुलाब होते. ते बघून लेकीची नजर घरातल्या जुन्या गायनपुस्तकाकडे गेली आणि त्या रात्रीपासून माझी आई ते पुस्तक उशाखाली घेऊन झोपू लागली. बटणांचे गुच्छ होते, लेसच्या रुमालांचे होते. आणि सगळ्यांच्या वर, पोरीच्या मनात पुरता भरलेला, ब्रोचचा गुच्छ. म्हणजे मड्डमा कोटाला लावायच्या त्या खड्यांच्या पिना शंभरभर गोळा करायच्या, एकेक तारेवर चढवायची आणि सगळ्यांची मोळी बांधायची. पाणी घालायला नको, कोमेजायला नको. वासही नको, अर्थात.

बायकोने मध्यम मार्ग काढला. "आमच्या लग्नातल्यासारखा कर ना."

या वाक्यामागे इतिहास आहे. १९८१ साली डायना सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये शिरली तेव्हा तिच्या हातून गार्डेनिया आणि ऑर्किडचा मीटरभर लांब घोस खाली ओघळत होता. जगभरच्या नवऱ्यांनी तो पाहिला. ती फॅशन वसईला पोचायला दहाएक वर्षं लागली आणि वाटेत तिचं कापड झालं. १९९२ साली माझ्या बायकोच्या हातात होता तो तसाच लांबलचक, पण कापडी आणि भाड्याचा. गाऊनबरोबर मिळायचा. संध्याकाळी सातच्या आत परत करायचा, कारण रात्री तोच बुके पलीकडच्या गावात दुसऱ्या नवरीच्या हातात जायचा. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये चर्चच्या पायरीवर ती डायना आहे आणि केक कापताना नुसतीच बायको. "बुके परत गेला, नवरा राहिला," हे ती अजून अधूनमधून कुणालाही उद्देशून न बोलता बोलते.

"नव्वदचं दशक विंटेज नाही, मम्मी," लेक म्हणाली. "ते फक्त जुनं आहे."

हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही. शंभर वर्षं झाली की वस्तू अँटिक होते, हे ऐकून माहीत होतं. त्याच्या अलीकडे विंटेजचा पट्टा सुरू होतो म्हणे. पण त्या पट्ट्याची अलीकडची हद्द बरोबर आमच्या लग्नाच्या तारखेपाशी येऊन थांबते आणि तिथून पुढे नुसती अडगळ. शिवाय तिच्या त्या सगळ्या चित्रांत आज्या भरपूर होत्या, पण एकजात इंग्लंडच्या. लाल लुगडं नेसून, केसांत अबोली माळून, हातात काहीही न धरता लग्न करून आलेली जी आजी बाजूच्याच खोलीत खोकत होती, तिचा या जुनेपणाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग मीही वाचायला बसलो. शत्रूचा दारूगोळा आपल्याला माहीत असावा.

निघालं ते सगळं माझ्या बाजूचं. १० फेब्रुवारी १८४० या दिवशी राणी विक्टोरिया लग्नाला उभी राहिली ती मुकुट बाजूला ठेवून आणि डोक्याला संत्र्याच्या फुलांचं कडं घालून. गजराच की तो! निम्म्या जगावर डोळा असलेली बाई लग्नाला गजरा माळून गेली होती. तिच्या थोरल्या मुलीने १८५८ साली आपल्या गुच्छात मर्टलची डहाळी घातली. तेव्हापासून त्या घराण्यातल्या नवऱ्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसच्या बागेतली मर्टलची डहाळी गुच्छात खोवतात. म्हणजे घरच्या झाडाची. राजघराण्यात केलं की परंपरा, आम्ही केलं की "वाडीतलं का लावलंत? पैसे कमी पडले का?"

१९२३ साली एलिझाबेथ बोज-लायन, म्हणजे त्याच घराण्यातली पुढची राणी, नवरी म्हणून वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरली. महायुद्धात तिचा भाऊ गेला होता. आत जाता जाता तिने आपला गुच्छ अज्ञात सैनिकाच्या थडग्यावर ठेवला आणि वेदीपाशी रिकाम्या हाताने गेली. तिच्याच मुलीच्या लग्नात, १९४७ साली, गुच्छ ऐन वेळी सापडेना. राजवाडाभर शोधाशोध. एका सेवकाने तो ताजा राहावा म्हणून गार कपाटात नेऊन ठेवला होता आणि सांगितलं कुणालाच नव्हतं. लग्नघरात असा एक माणूस असतोच, आमच्याकडे ते काम माझा मेव्हणा करतो. तर रिकाम्या हाताची परंपरा बरीच थोर आहे, असं मी बायकोला उत्साहाने सांगितलं. तिने काही न बोलता डाळ ढवळली.

याच शोधात मला फुलांच्या भाषेचं पुस्तक सापडलं आणि मी धंद्यातून जवळजवळ उठलो. त्या काळी युरोपात फुलांना अर्थ जोडायची टूम होती. पॅरिसमध्ये १८१९ साली शार्लोत द लातूर या नावाने एक पुस्तक निघालं आणि मग लाटच आली. इंग्लंडात केट ग्रीनअवेचा सचित्र कोश १८८४ चा. या कोशांच्या आधारे म्हणे मंडळी गुच्छातून निरोप धाडायची. मी आमचा माल त्यात शोधला. निशिगंध : धोकादायक सुखं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सत्कारात अध्यक्षांच्या गळ्यात हाच हार पडतो आणि अध्यक्ष मान तुकवून तो घेतात. आफ्रिकन मॅरिगोल्ड, म्हणजे आपला दसऱ्याचा टपोरा झेंडू : ग्राम्य मनं. त्याचाच फ्रेंच भाऊ : मत्सर. आणि नुसता मॅरिगोल्ड म्हटलं तर शोक. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात त्या काळची एखादी मड्डम येती, तर हा आख्खा मुलूख एकदम शोकाकुल, मत्सरी आणि गावंढळ कसा झाला या विचाराने तिला घेरी आली असती. बेझिल, म्हणजे आपला सब्जा : द्वेष. तो आपण फालुद्यात घालून पाहुण्यांना देतो.

पांढऱ्या जाईचा अर्थ तेवढा 'गोड स्वभाव' असा निघाला. मोगरा जाईच्याच कुळातला. हा मुद्दा मी जेवताना मांडला.

"पप्पा, तुम्ही विक्रेते आहात," लेक म्हणाली. "तुमचं मत धरता येत नाही."

ब्रोच जमवायला आम्ही चोरबाजारात गेलो. मटन स्ट्रीटवर एका म्हाताऱ्या दुकानदाराने डब्यातून एक मोर काढला. "राणीच्या टाइमचा आहे." कुठल्या राणीच्या ते मी विचारलं नाही, मोराच्या पोटाला अजून स्टिकर होता. लेक मात्र हरखली होती. डब्यामागून डबा उपसत होती. घासाघीस मी केली, तीही फुलबाजाराच्या सवयीने : "दुपारपर्यंत सुकेल हा माल, मग कोण घेणार?" दुकानदाराने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

लेकीच्या मैत्रिणीने रात्री जागून तो गुच्छ बांधला. झुंबर पडलं आणि कुणीतरी ते उचलून बांधलं, असं त्याचं रूप होतं. खरं सांगतो, झळाळत होता. मी तो उचलला आणि न बोलता मोगरा तोलायच्या काट्यावर ठेवला. पावणेतीन किलो.

तालीम झाली. ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत जाईतो नवरीचा उजवा खांदा उतरला. लग्न ईस्टरनंतरचं, मे महिन्यातलं. मिस्सा तासाभराची, फादर आमचे बोलके. त्यात मेव्हण्याने तालमीनंतर गुच्छ 'सुरक्षित राहावा म्हणून' उन्हातल्या गाडीत ठेवला आणि तो बाहेर काढताना बायकोला हातात फडकं घ्यावं लागलं. खरी गोम शेवटी लक्षात आली. रिसेप्शनला नवरी पाठमोरी उभी राहते आणि गुच्छ मागे फेकते. मागे लग्नाच्या पोरी उभ्या असतात. जिच्या हाती पडेल तिचं लग्न पुढे ठरतं म्हणतात. या गुच्छाने ज्या मुलीचा नेम धरला असता तिचं आधी प्लॅस्टर ठरलं असतं.

दोन दिवस घरात कुणी बुकेचं नाव काढलं नाही. मग एका संध्याकाळी लेक पुन्हा फोन चाळत ओटीवर बसली होती. शेजारी आई. चष्मा लावून तिने नातीच्या फोनमध्ये डोकावलं.

"हे काय गं?"

"पोझी होल्डर, आजी. विक्टोरियन. चांदीचं असतं. छोटा गुच्छ यात खोचायचा आणि दांडा धरायचा. ही साखळी आहे ना, तिची अंगठी बोटात अडकवायची. नाचताना हात मोकळा राहतो."

आईने चष्मा वर केला, खाली केला. "नरसाळं आहे हे."

"आजी!"

"वर तोंड, खाली नळी. नरसाळं नाही तर काय? आपलं पितळी आहे माळ्यावर. पेट्रोमॅक्समध्ये रॉकेल ओतायला तुझ्या आजोबांनी घेतलेलं."

लेक हसली, मग हसायची थांबली, मग फोनमधलं चित्र मोठं करून तिने पुन्हा पाहिलं. त्यानंतर माळ्यावर जी चढली ती तासाभराने खाली आली. डोक्याला जाळ्या, नाकावर काजळी आणि हातात पोचे पडलेलं नरसाळं. चिंच आणि राख लावून आईने ते घासलं. आत काळं होतं ते गेलं नाही, पण बाहेरून असं उजळलं की चोरबाजारातला म्हातारा त्याला नक्कीच दोन राण्या लावता. वास मात्र होता. नाक जवळ नेलं की रॉकेल.

"मोगऱ्यापुढे टिकणार नाही," आई म्हणाली. साठ वर्षं फुलं ओवलेल्या बाईचं मत. शेवटचं.

पुढचं काम आम्हाला येत होतं. नळीत ओला कापूस ठासला. सोनचाफ्याला देठ कुठला एवढा, म्हणून माडाच्या हिरांवर एकेक कळी टोचली. काठाभोवती बायकोने केळीच्या सोपाने ओवलेल्या मोगऱ्याचे तीन पदरी वेढे दिले. मधे थोडी अबोली. मोर आणि आणखी दोन ब्रोच तहाच्या अटींनुसार आत घेतले. साखळी आईच्या जुन्या किल्ल्यांच्या जुडग्याची. मुळातली 'फुलं नकोत' ही अट सुटली कशी, असं मी विचारलं तेव्हा कळलं की ही फुलं नव्हेतच. ही 'फोरेज्ड' आहेत. वाडीतली म्हणायचं नाही, फोरेज्ड म्हणायचं. मी चार पिढ्या काय करत होतो ते मला त्या दिवशी समजलं.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात बँड थांबला आणि मोगऱ्याचा वास आमच्या पुढे आत गेला. फादरांनी वेदीवरून एकदा नाक वर केलं. मिस्सेनंतर लेकीने फुलं काढून मरियामातेच्या पायाशी ठेवली. नरसाळं आईने तत्परतेने पिशवीत घातलं. ते फेकायला द्यायचा प्रश्नच नव्हता, पितळेला आणखी पोचे पडले असते. रिसेप्शनला मावळातले जर्बेरा फेकले, ते ट्रम्पेटवाल्याच्या अंगावर पडले. त्याचं लग्न झालेलं आहे. पुढे काय झालं ते आम्ही विचारलेलं नाही.

वांद्र्याहून आलेल्या एका पाहुणीने फोटो मागून घेतले. "लंडनहून मागवलंत का हो?" तिने माझ्या बायकोला विचारलं.

"माळ्यावरून," बायको म्हणाली, आणि पाहुणीने मान डोलवली. बहुधा तिला ते दुकानाचं नाव वाटलं असावं.

फोटो फिरत राहिले. महिन्याभरात तीन गल्ल्या पलीकडची एक मुलगी आईला घेऊन घरी आली. नाताळानंतर तिचं लग्न. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग त्या नरसाळ्यावर आल्या. एका दिवसापुरतं मिळेल का? मी उदारपणे "न्या की" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बायको माझ्या आधी बोलली. भाडं नको म्हणाली, फुलं मात्र आमच्याच वाडीतून घ्यायची. डिपॉझिट पाचशे. आणि संध्याकाळी सातच्या आत परत.