त्रिकालज्ञान, पण रंगेल

कॉर्नेल विद्यापीठाच्या डॅरिल बेम यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की माणसाला पुढचं आधीच कळतं. संगणकावर दोन पडदे. चित्र कुठल्या पडद्यामागे ते विद्यार्थ्यानं ओळखायचं, आणि संगणक ते ठरवणार त्यानंतर! कामुक चित्रं ५३.१ टक्के वेळा बरोबर निघाली. साध्यासुध्या चित्रांपुढे मात्र दिव्यदृष्टी छापा-काट्याच्या पलीकडे जाईना. नऊ प्रयोग, हजारावर माणसं, नामांकित नियतकालिक. पद्धतीला नावं ठेवावीत, तर इतरांची दुकानंही (क्षमस्व, प्रयोगशाळा) त्याच पद्धतीवर चाललेली. तिघा संशोधकांनी नऊपैकी एक प्रयोग पुन्हा करून पाहिला, हाती भोपळा. त्याच नियतकालिकानं त्यांचा लेख साभार परत केला: केलेलेच प्रयोग आम्ही पुन्हा छापत नाही. २०१२ मध्ये तो दुसरीकडे आला. तोवर बेम टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातही झळकून आले होते.