उसना धर्मयोद्धा

अणुवीज केंद्राच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या माणसाच्या घरातली वीज गेली, की उकाड्यापेक्षा नातेवाइकांचा त्रास जास्त होतो. "तारापूरला राहता आणि लाइट नाही?" डोंबिवलीची मावसबहीण गेली बावीस वर्षं हा प्रश्न त्याच आनंदाने विचारते आहे. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे सुरू झालं, ती वीज आधी ग्रिडमध्ये जाते, मग चार गावं फिरून आमच्या बोईसरच्या सोसायटीत येते, हे तिला समजावणं मी सोडून दिलं आहे. आचाऱ्याच्या घरचे शेवटच्या पंगतीला बसतात, तसं हे.

त्या रविवारीही दुपारी तीनला वीज गेली. पंखा थांबला, टीव्ही मेला, आणि हॉलमध्ये सतरंजीवर बसलेल्या भाच्याच्या टोळक्याला त्याचा पत्ताही लागला नाही. त्यांच्या खेळाला वीज लागतच नव्हती. कागद, पेन्सिली, खोडरबर, केळ्याच्या वेफर्सची ताटली आणि वीस बाजूंचा एक फासा. मी सहा बाजूंच्या फाशावर वाढलेला माणूस. तो वीसवाला बघून मला पहिल्यांदा वाटलं, कुणाच्या तरी खड्याच्या अंगठीतला खडा पडलाय.

"मामा, एक गडी कमी आहे. बसता?"

कमी असलेल्या गड्याला ऐन वेळी सेकंड शिफ्टला थांबवून घेतलं होतं, कारण त्याचा रिलिव्हर आलाच नव्हता. हे दुःख एमआयडीसीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मी बसलो.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी योद्धा, आणि आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. बाकी सगळं जग, म्हणजे राक्षस, पाऊस, खानावळवाले, जकात नाके, एकटा डीएम, म्हणजे डंजन मास्टर, चालवतो. आमच्याकडे डीएम म्हणजे बॉयलरला शुद्ध पाणी पुरवणारा प्लँट. इथे तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातला, चष्मा लावणारा, हळू आवाजात बोलणारा पोरगा होता. पण अंगात गुण प्लँटचेच. त्याच्यातून काहीही गाळ घेऊन पुढे जाता यायचं नाही.

पात्राच्या कागदावर सगळ्यात वर त्याची नीती लिहिलेली असते. सुरुवातीला खेळात नियम, तटस्थपणा आणि अंदाधुंदी एवढ्या तीनच नीती होत्या. पुढे त्यात चांगलं-वाईट मिसळलं आणि नऊ चौकटी झाल्या. एका टोकाला नियमपाळू सज्जन, दुसऱ्या टोकाला बेबंद दुर्जन. मला ही कल्पना इतकी आवडली, की खेळ समजून घ्यायच्या आधी मी मनातल्या मनात आमची अख्खी सोसायटी त्या नऊ घरांत बसवून टाकली. सेक्रेटरी नियमपाळू दुर्जन, त्यात शंकाच नाही. पार्किंगच्या पट्ट्या त्यानेच मारून घेतल्या, आणि त्याच्या जागेची पट्टी इतरांपेक्षा हातभर रुंद आहे. दुसऱ्या मजल्यावरचे बेबंद सज्जन: दिवाळीत सगळ्यांना फराळ वाटतात आणि मेंटेनन्स कधीच भरत नाहीत.

माझ्या हातात आला तो नियमपाळू सज्जन. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा. शिफ्टला गेलेल्या पोराने त्याला दीड वर्ष वाढवला होता. त्याच्या ढालीवर सिंह नाही, गरुड नाही, पापलेट होतं. हे पोरगं नवापूरकडचं, मांगेल्यांच्या घरातलं. बापाची होडी आहे. २०२३ साली पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, त्या दिवशी त्याने ढाल बदलून घेतली म्हणे.

"जपून हं, मामा," भाचा म्हणाला. उसनी मोटरसायकल देताना आवाजात जी कळकळ असते, तीच. "जुना नियम आहे. धर्मयोद्ध्याने जाणूनबुजून एक जरी वाईट काम केलं, तर त्याची सगळी शक्ती जाते."

मी हसलो. तीस वर्षांत माझ्यावर एक मेमो नाही.

डीएमने नकाशा उलगडला. किल्ला तारापूरचा होता. तोच चौकोनी तट, तेच बुरूज. शाळेच्या सहलीत पाहिलेला त्याने जसाच्या तसा काढला होता. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच तटाशी मी ढालीवर पापलेट घेऊन उभा होतो, आणि माझं पहिलं शौर्य म्हणजे वेशीवरच्या नाकेदाराशी घासाघीस करून चार जणांचा कर तीन जणांत बसवणं. डीएमने चष्म्यावरून पाहिलं, बोलला नाही.

बाकीची मंडळी मात्र भयानक होती. माझा सख्खा भाचा, जो झुरळ दिसलं की आईला हाक मारतो, त्याने रस्सा पातळ निघाला म्हणून खानावळ पेटवली. बँकेच्या परीक्षा देणारी एक गुणी मुलगी चोर झाली होती. तिने मेलेल्या पुजाऱ्याची अंगठी निघेना म्हणून बोटच कापलं आणि वेफर खात खात वहीत नोंदलं, "अंगठी एक." मी म्हटलं, "अगं, बोट!" ती म्हणाली, "मामा, मी नाही हो, माझं पात्रच तसं आहे."

हे वाक्य या खेळाच्या जगात फार जुनं आहे. कुणाच्या पाठीत सुरा खुपसला, सोबत्याची थैली पळवली, शरण आलेल्याला मारलं, की हेच उत्तर. अमेरिकेत १९८० च्या दशकात पालक आणि चर्चवाले या खेळाने हादरले होते. मुलं सैतानाच्या नादी लागणार, अशी त्यांची खात्री पटली होती. मी स्वयंपाकघराकडे बघून ही माहिती मुद्दाम मोठ्याने सांगितली. आमची ही जव्हारची. ती आतूनच म्हणाली, "आमच्या बोहाड्यात बापे रात्रभर राक्षसांचे मुखवटे घालून नाचतात. शेवटी महिषासुर मरतो आणि सकाळी तोच माणूस बैल घेऊन शेतावर जातो. कुणी बिघडलेलं बघितलं नाही मी. जे बिघडलेत ते बिनमुखवट्याचे आहेत. चहा ठेवू?"

चहा झाला. मग जंगलात एक गॉब्लिन हाती लागला, हिरवा, बुटका, हात जोडून उभा. भाचा म्हणाला, जाळतो. मुलगी म्हणाली, दात विकले जातात. मी उठून उभा राहिलो (खरोखरचा, सतरंजीवर) आणि म्हणालो, "शरणागताला हात लावाल तर आधी माझ्याशी गाठ." डीएमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. त्याने मला जादाचे गुण दिले. मी गॉब्लिनच्या चौकशीसाठी त्रिसदस्यीय समिती नेमली, अध्यक्षपद स्वतःकडे ठेवलं, आणि तो हिरवा जीव भारावून आमच्या मागे सामान वाहू लागला. मला वाटलं, हा खेळ माझ्यासारख्यांसाठीच आहे.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही चेटक्याचा मनोरा जिंकला. तळघरात तीन पिंपं सापडली. आत हिरवट, फेसाळ विष. बरोबर नेता येईना, ठेवून जाता येईना. भाचा म्हणाला, शत्रूच्या छावणीवर ओतू. मुलगी म्हणाली, गिऱ्हाईक बघते. वाद वाढायला लागला. माझ्यातला जाणता माणूस जागा झाला, आणि मी शांतपणे, समजुतीच्या सुरात म्हणालो:

"हे बघा, आरडाओरडा कशाला? रात्री दीड-दोनला नदीत सोडून देऊ. पाऊस आहेच, पाणी वाढलेलं असतं, पातळ होऊन जातं. पिंपं धुऊन ठेवायची, त्यांना भाव येतो. वाटेत कुणी विचारलंच तर सांगायचं, पाणी आहे."

मी फासा उचलला आणि खुळखुळवला.

"फासा नको, मामा," डीएम म्हणाला.

"अरे, जमलं की फसलं ते कळायला नको?"

"फासा फसण्याची शक्यता असेल तिथे टाकायचा असतो. रात्र आहे, पाऊस आहे, बघणारं कुणी नाही. झालं. सोडलं तुम्ही."

आणि त्याने खोडरबर घेऊन माझ्या कागदावरचं 'नियमपाळू सज्जन' पुसलं. सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत.

मी भांडलो. खानावळ जाळणारा मोकळा, बोट कापणारी मोकळी, आणि मी? मी कुणाला साधं ओरडलो तरी का? डीएम म्हणाला, त्यांच्या कागदावर आधीपासूनच दुर्जन लिहिलंय, पुसायचं काय? मग त्याने नकाशावरून बोट फिरवलं. मनोऱ्यापासून नदी, नदीला खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी त्याने बारीक पेन्सिलीने वीस-पंचवीस होड्या काढल्या होत्या. मी दुपारभर तो नकाशा बघत होतो. होड्या मला दिसल्या नव्हत्या.

कुणी काही बोललं नाही. गॉब्लिनही नाही.

मला खटकलं ते वेगळंच. मी ती वाक्यं विचार करून बोललो नव्हतो. 'पिंपं धुऊन ठेवायची' हा बारकावा मला कुठून सुचला? आणि तो आवाज! 'सामना'मधला निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील आठवा. तो कुठे किंचाळतो? कमी बोलतो, पुष्कळदा प्रेमाने बोलतो. प्रत्यक्षातले निळूभाऊ सेवा दलातले, सरळ, चळवळीत वावरणारे. तरी बायाबापड्या त्यांना खऱ्या आयुष्यातही शिव्या घालत. माझी गोष्ट उलटी. मला बायाबापड्या 'भाऊ, आहात म्हणून बरं आहे' म्हणतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या कंपनीत असलं काही होत नाही. मी स्टोअर्सला आहे, आमचे फॉर्म नीट भरलेले असतात, तिन्ही प्रती. फक्त इतकी वर्षं इथे काढल्यावर रात्री खिडकी लावताना वासावरून कुणाकडे काय चाललंय ते सांगता येतं, एवढंच. आणि कुठला टँकर भरून गेला नि फार लवकर रिकामा आला, हे चहाच्या टपरीवर कुणालाही कळतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलं. माझ्या घराण्यात कुणाला कशातच एवढे मार्क पडलेले नाहीत, पण पेढे कुणी वाटले नाहीत. वसाहतीचं सांडपाणी पाइपलाइनने नवापूरच्या समुद्रात जातं. मांगेला समाजाच्या परिषदेने हे प्रकरण हरित लवादापर्यंत नेलं, ते मी पेपरात वाचलं होतं. वाचून घडी घालून रद्दीत ठेवलं होतं. मी नाही हो. माझं खातंच स्टोअर्स आहे.

वीज साडेआठला आली. पोरं पांगली नाहीत. ती मालकाची वाट बघत होती. मी दोनदा म्हटलं, "मी झोपतो आता." हिने दोनदा म्हटलं, "बसा."

पावणेबाराला तो आला. युनिफॉर्म तसाच, डब्याची पिशवी खांद्याला, कपड्यांना केमिकल झोनचा वास. त्याने कागद उचलला आणि पुसलेली जागा ट्यूबलाइटखाली धरली. भाच्याने झालेलं सगळं भडाभडा सांगितलं. मी खुलाशासाठी घसा साफ केला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका ऑडिटरसमोर केला होता, त्यानंतर आत्ताच.

"किती पिंपं, मामा?"

"तीन."

"भरलेली?"

"...भरलेली."

त्याने ते कागदाच्या मागे लिहून घेतलं. चिडला असता तर बरं झालं असतं. मग ताटलीतला उरलेला चुरा तोंडात टाकून डीएमला म्हणाला, "प्रायश्चित्त आहे ना रे नियमात?"

होतं. जुन्या पुस्तकात त्याची सोय असते. पण ज्याने केलं त्यानेच फेडायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं. म्हणजे पुढच्या रविवारीही पात्र माझ्याकडेच, नदी साफ होईपर्यंत. गॉब्लिन मदतीला. प्रत्येक पिंपामागे एक फासा, आणि आकडा अठरा किंवा वर पडायला हवा.

"अठरा?" मी म्हटलं. "ओतताना तर फासासुद्धा लागला नव्हता."

"हो," डीएम म्हणाला.

पुढच्या रविवारी मी आंघोळ करून, देवाला दिवा लावून सतरंजीवर बसलो. मालक समोरच होता, त्या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट होती. हिने बाहेर येऊन चहा ठेवला आणि पहिल्यांदाच तिथे टेकली. मी फासा मुठीत घेऊन फुंकला, टाकला. तो वेफर्सच्या ताटलीला आपटून सेक्रेटरीने पाठवलेल्या मेंटेनन्सच्या नोटिसीवर जाऊन थांबला.

चार.

"नदी तशीच आहे," डीएम म्हणाला. "टाका."