यूबीएल टिकला, विमिक उडाला

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर संगणक दुरुस्त करणाऱ्या पोरांचा धंदा तसा सुखाचा. देखभालीचा वार्षिक करार (एएमसी) असलेल्या ऑफिसात शिरायचं, कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची, विंडोजच्या विमिक या माहिती काढणाऱ्या साधनाला हाक मारत 'विमिक बायोस गेट सिरियलनंबर' एवढं बडवायचं आणि आलेला संगणकाचा सिरियल नंबर वहीत टिपून चहाची वाट बघायची. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार सुटला, जो तो विंडोज ११ची २५एच२ आवृत्ती चढवू लागला आणि तीच काळी खिडकी सांगू लागली, की विमिक नावाची आतली किंवा बाहेरची कुठलीही आज्ञा आम्ही ओळखत नाही.

ओळखत नाही! एक्सपीपासून घरात राबलेल्या गड्याला!

नोटीस दिली नव्हती, असं मात्र कुणी म्हणू नये. २०२१लाच विमिक कालबाह्य ठरला होता. २४एच२मध्ये त्याला ओसरीवर बसवलं, मागाल तर मिळेल म्हणून. २५एच२ चढवताना तर असलेलाही काढून टाकतात. हे सगळं रीतसर जाहीर झालं होतं, फक्त सरकारी गॅझेटासारखं. म्हणजे छापून आलं होतं आणि कुणी वाचलं नव्हतं.

गंमत अशी, की विमिक जिथून माहिती काढायचा तो विंडोजमधला डब्ल्यूएमआय हा माहितीचा साठा जागच्या जागी आहे. आता पॉवरशेल या दुसऱ्या खिडकीत जाऊन 'गेट-सिमइन्स्टन्स विन३२_बायोस' म्हणायचं, की तोच नंबर हजर. आज्ञा लांबली याचं पोरांना फारसं दुःख नाही. खरी मेख आज्ञा एकामागून एक आपोआप चालवणाऱ्या जुन्या बॅच फायलींत आहे. कुणीतरी कधीकाळी लिहिलेल्या, ओळीओळीत विमिक दडलेला, आणि लिहिणारा केव्हाच बेंगळूरला नोकरीला गेलेला. मग विमिक सापडेना म्हणून अमरगोळच्या बाजार यार्डात बिल अडलं, की शिव्या कोप्पीकर रोडला.

वास्तविक अपग्रेडची सवय आम्हा हुबळी-धारवाडकरांना कुणी शिकवायला नको. १९५६ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून उठून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ला हुबळीचं हुब्बळ्ळी. २०२०ला स्टेशनला श्री सिद्धारूढ स्वामीजींचं नाव मिळालं आणि २०२३ला १,५०७ मीटरचा, जगातला सर्वांत लांब फलाट. एवढं होऊनही तिकिटावरचा कोड यूबीएलच. धारवाडची आजी आजही 'हुबळी' म्हणते आणि रिक्षावाला तिला बिनबोभाट नेऊन पोचवतो. अशी आतली किंवा बाहेरची कुठलीही जागा आम्ही ओळखत नाही, असं तो म्हणत नाही. नाव बदललं तरी जुनी हाक चालू ठेवण्याची अक्कल ज्या रेल्वे बाबूंना आहे, त्यांना प्रतिनियुक्तीवर विंडोजवाल्यांकडे धाडायला काहीच हरकत नसावी.

तोवर वाचकहो, अपग्रेडचं बटण दाबण्याआधी आपल्या बॅच फायलींत 'विमिक' शोधून घ्या. आणि बेंगळूरला गेलेल्या त्या पोराशी संबंध बरे ठेवा.