केवढ्याला पडली?

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मला लाल टाक्यांच्या सीटा, मागे दोन सायलेन्सर आणि टर्बो इंजिन असलेली गाडी हवीशी वाटू लागली. कर्वे रस्त्यावर या इंजिनाला तिसऱ्या गिअरचं दर्शनसुद्धा दुर्मिळ, हे मलाही कळतं. पण हौस होती. बायको चक्क "घ्या" म्हणाली. मग म्हणाली, "भाव मात्र मी करणार." तुळशीबागेतले दुकानदार हिला लांबून बघूनच किंमत उतरवतात, त्यामुळे मी गप्प बसलो.

मी दसऱ्याचा मुहूर्त धरून बसलो होतो. हिनं शोरूम गाठलं ते ऐन पितृपक्षात. "अगं, या पंधरवड्यात?" "गाडी कुठे आणतोय? नुसती बोलणी करतोय. बोलण्यांना पितर अडवत नाहीत." तिचं गणित साधं होतं. दसऱ्याला शोरूममध्ये पेढ्यांचे बॉक्स आणि रांगा. तेव्हा सूट कोण देणार? पितृपक्षात तिथे विक्रेते आणि एसी, एवढेच. त्यात हे 2025 साल. छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर येणार, तोही 22 सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेला, हे जाहीर झालेलं. त्यामुळे ज्यांना पितरांचं सोयरसुतक नाही, तेही घरीच बसलेले.

विक्रेता पोरगेलासा होता. मला 'सर' आणि हिला 'काकू' म्हणाला, तिथेच निम्मा हरला. त्यानं कोटेशन पुढे सरकवलं. गाडी नव्या दरानं 10 लाख 40 हजारांची आणि खाली ही लांबलचक शेपटी. पेट्रोल गाडीची किंमत दहा लाखांच्या आत असली तर आरटीओचा कर 11 टक्के, त्यावर गेली की 12. शिवाय दहा लाख ओलांडल्याबद्दल एक टक्का टीसीएस. तो प्राप्तिकराच्या हिशेबात वळता होतो, पण खिशातून आज जातो. थोडक्यात, त्या लाल टाक्यांनी मला उंबरठ्याच्या जेमतेम पलीकडे नेऊन दोन्हीकडून कापलं होतं.

सरकारशी घासाघीस होत नाही. हिचं बोट त्याच्या खालच्या ओळींवरून फिरू लागलं. "हे हँडलिंग चार्जेस कसले?" "गाडी गोडाऊनमधून इथे आणायचे, काकू." "म्हणजे दुकानदारानं कांदे दुकानात आणले त्याचे पैसे गिऱ्हाइकानं द्यायचे?" ती ओळ खोडली गेली. विम्याचा भाव तिनं बाहेरून काढून आणला होता: थर्ड पार्टी तीन वर्षांचा, कारण नव्या गाडीला तो सक्तीचाच, आणि बाकीचा एक वर्षाचा. शोरूमपेक्षा चौदा हजारांनी कमी. तो कागद टेबलावर येताच पोरगा "मॅनेजरशी बोलून बघतो" म्हणून आत गेला. (आतल्या खोलीत मॅनेजर असतो की नुसता पाण्याचा कूलर, याची मला अजून शंका आहे.) परत आला तो शोरूमचा विमा आमच्या भावात घेऊनच. मड फ्लॅप आणि मॅट फुकट. टेफ्लॉन कोटिंगला तिनं हात जोडले. उठता उठता म्हणाली, "आणि चासी नंबर आधी दाखवायचा हं. गाडी कुठल्या महिन्यात बनलीय ते कळतं त्यावरून."

मला बाबांची चेतक आठवली. मी तिसरीत असताना त्यांनी नंबर लावला. स्कूटर दारात आली तेव्हा मी दहावीला होतो. त्याच संध्याकाळी गल्लीतले एक गृहस्थ वर दोन हजार 'ऑन' द्यायला तयार होऊन आले. बाबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "छापील किमतीत मिळाली," एवढंच ते पुढची वीस वर्षं सांगत राहिले. सात वर्षं वाट बघितली, ती त्यांनी कधी किमतीत धरलीच नाही.

माझा मेहुणा मात्र सगळं धरतो. त्यानं श्रावणातच छोटी गाडी घेतली, पन्नास हजारांची सूट उकळली आणि रक्षाबंधनाच्या जेवणात ती चार वेळा वाढली. पुढच्याच महिन्यात जीएसटीची बातमी आली. गाडी तीच, सूट तीच, पण त्या दिवसापासून तो गाडीबद्दल बोलताना फक्त मायलेज सांगतो.

दसऱ्याला गाडी आली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, आपट्याची पानं. खालच्या मजल्यावरचे काका काठी टेकत आले, लाल टाके बोटानं चाचपून पाहिले आणि म्हणाले, "केवढ्याला पडली?" खरा आकडा माझ्या जिभेवर होता. तोंडातून निघाला तो वीस हजारांनी कमी. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, बोलली नाही.

"एवढ्याला?" काकांनी खिशातून मोबाइल काढला. "मग त्या पोराचा नंबर द्या बघू. नातवाला हीच घ्यायचीय."