हात न लावणारे नाना

नाना हँगरमध्ये असतात, एवढं कुणीही शपथेवर सांगेल. ते तिथे काय करतात, यावर मात्र आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये दोन पक्ष आहेत. मालकांचा पक्ष म्हणतो, लायसन असलेल्या इंजिनिअरच्या हातात पाना दिसला पाहिजे. नानांच्या हातात बहुतेक वेळा चहाचा कप असतो, तोही संपलेला. दुसरा पक्ष म्हणतो, नाना बसलेले दिसले तरी त्यांचं काम चालूच असतं. या पक्षात हेल्पर पोपट आणि मी असे दोघेच आहोत, आणि पोपटचंही काही खरं नाही.

नानांचा जन्म सेसना १७२च्या पोटाखाली गेला. हे विमान १९५६पासून बनतंय आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. त्यातली निम्मी आपल्याच हाताखालून गेली, असा नानांचा एकूण आविर्भाव असतो. त्यांनी धुळं पाहिलं, बारामती पाहिली. गोंदियाहून बोलावणं आलं तेव्हा मात्र गेले नाहीत. तिथे डायमंड विमानं. डीए-४०चं पुढचं चाक पेडलला जोडलेलंच नसतं. ते आपलं मोकळं फिरतं, वळायचं ते ब्रेकवर. नाना म्हणाले, "ज्या घरात दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, तिथं भांडण कसलं मिटवायचं?"

सेसनाचं तसं नाही. तिथे पायाखालची पेडल्स मागे शेपटीचं रडर हलवतात आणि पुढे नाकाखालचं चाकही वळवतात. पेडलनं चाक दोन्ही बाजूंना साधारण १० अंश वळतं, एका बाजूचा ब्रेक दाबला तर ३०पर्यंत. ज्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नसतं तो उभ्या विमानाचं रडर हातानं पिळून बघतो, आणि मग नानांचा आवाज धावपट्टीच्या पलीकडे उसात ऐकू जातो.

परवा असाच एक विद्यार्थी धापा टाकत आला. "नाना, रडर जॅम आहे! नोजव्हील वळतच नाही!"

"बसा कॅप्टन," नाना म्हणाले. ज्याला अजून धड उतरता येत नाही त्याला नाना कॅप्टन म्हणतात. खरे कॅप्टन आले की "काय रे, वाळलास" अशी सुरुवात होते.

हा हा म्हणता गर्दी जमली. स्नॅग, म्हणजे विमानातला बिघाड, म्हटलं की आमच्याकडे निदान करणाऱ्यांना तोटा नाही. चीफ इन्स्ट्रक्टर म्हणाले, केबलची पुली अडकली असणार. ज्युनियर इंजिनिअर म्हणाला, शिमी डॅम्पर गेला. पळताना पुढचं चाक थरथरू नये म्हणून बसवलेलं ते छोटं हायड्रॉलिक नळकांडं. त्याचा दांडा वाकला की स्टिअरिंग जड होतं, हे खरं. पण ज्युनियरच्या हातात तोवर पाना आलाही होता. अकाउंटंट म्हणाले, "पोरांच्या पायात दमच राहिला नाही." मालकांनी डॅम्परची किंमत विचारली आणि ती डॉलरमध्ये ऐकून खाली बसले.

नाना कपाच्या तळाशी बघत होते.

"पेडल उभ्या विमानात दाबलं का चालत्या?"

हा त्यांचा ठरलेला पहिला प्रश्न. उभ्या विमानात टायर जमिनीला घट्ट धरून असतो. तिथे पेडल जड लागणारच. निम्मे स्नॅग या एका प्रश्नात परत जातात.

"चालत्या, नाना."

"जड डावीकडं का उजवीकडं?"

"दोन्हीकडं."

"आणि वर हवेत?"

"हवेत एकदम ठीक होतं."

नानांनी डोळे मिटले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. पण त्या मिटल्या डोळ्यांआड नानांनी विमानाचे मधोमध दोन भाग केले होते. पेडलपासून मागे केबल, पुल्या, रडरच्या बिजागऱ्या. यातलं काही अडकलं असतं तर ते हवेतही अडकलंच असतं. म्हणजे मागचं अर्धं विमान निर्दोष सुटलं. एकाच बाजूला जड असतं तर घासणाऱ्या ब्रेकवर संशय गेला असता; तोही सुटला. पानाही न उचलता आरोपी नाकाजवळ येऊन ठेपला होता.

"सकाळी पहिल्या सॉर्टीला पण जड होतं?"

"नाही. दुसऱ्या सॉर्टीला झालं."

"दुसऱ्या सॉर्टीला मागं कोण बसलेलं?"

"दोघं बॅचमेट. बॅकसीटला."

"खातेपिते?"

विद्यार्थी बुचकळ्यात पडला. "हो... म्हणजे मेसमध्येच जेवतात, पण..."

नाना उठले. आमच्याकडे ही घटना आहे. पोपटनं हातातली विडी विझवली. नानांनी आधी बॅटरी घेऊन पेडलखाली डोकं घातलं. तिथून एक बॉलपेन, चिक्कीचा कागद आणि चेकलिस्टचं फाटकं पान निघालं. "हे वेगळं पाप," म्हणून त्यांनी ते खिशात टाकलं. टायरची हवा पाहिली, ठीक होती. मग पुढच्या पायाच्या चकचकीत दांड्याला चार बोटं लावून मोजलं, जरा वेळ तिथेच थांबले, आणि वळून अकाउंटंटकडे पाहिलं.

"साहेब, जरा मागच्या सीटवर बसता का?"

अकाउंटंट नव्वद किलोच्या पुढचे. सोबतीला ज्युनियरलाही बसवलं. मुख्य चाकांना चोक लावले. दोघं स्थिरस्थावर होताच सेसनानं नाक हळूच वर केलं आणि पुढचा पाय होता नव्हता तेवढा लांब झाला. विद्यार्थ्यानं पेडल दाबलं. मागे रडर हललं. पोपट फरशीवर आडवा पडून चाकाकडे बघत होता. "नाय हाललं!" तो ओरडला. "सरळच हाय!"

आता नाना बोलले, ते एरवी महिन्यात बोलतात त्याहून जास्त. सेसनाच्या पुढच्या पायात तेल असतं आणि त्यावर दाबाखालचा नायट्रोजन. विमान उडालं की भार जातो, पाय पूर्ण लांबतो आणि आतली खाच चाकाला सरळ धरून ठेवते, म्हणजे हवेत रडर मारलं तरी चाक वाकडं होत नाही आणि उतरताना ते नाकासमोर असतं. पेडल आणि चाक यांच्यामध्ये स्प्रिंगचा दांडा असतो. चाक अडलं तर स्प्रिंग दबते आणि रडर आपलं काम करत राहतं. सगळं शहाणपणाचं आहे. फक्त पायात दाब जास्त झाला आणि मागं दोन खातेपिते बसले, की जमिनीवरच पाय पूर्ण लांबतो.

"चाकाला वाटलं आपण उडालो," नाना म्हणाले. "त्याची काय चूक?"

गेल्या आठवड्यात हा पाय खाली बसला होता. तेल गळलं होतं. रीत अशी, की आधी सगळा दाब सोडायचा, पाय दाबून तेल भरायचं, मग नाक उचलून पाय मोकळा करायचा आणि ४५ पीएसआय भरायचे. भरणाऱ्यानं तेलाचं झाकण उघडलंच नव्हतं. पाय ताठ दिसेपर्यंत नायट्रोजन भरत गेला होता. मागच्या सीटवरून ज्युनियर खिडकीबाहेर ऊस बघू लागला.

"तेल कमी आणि हवा जास्त," नाना म्हणाले. त्यांनी ज्युनियरकडे मुळीच पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

पुढचं काम पोपटनं केलं. नाक वर करायला आलेल्या मुलांपैकी एकानं शेपटीच्या आडव्या पंखाचं टोक दाबलं, तेव्हा नाना कडाडले, "टोकाला नाही, टेलकोनवर दाब! पंख तुझ्या बापानं दिलाय?" तेल भरलं, दाब झाला. चीफ इन्स्ट्रक्टरनी विमान टॅक्सी करून पाहिलं. खात्री हवी म्हणून मागं वजन तेच ठेवलं; अकाउंटंटना खाली उतरायचंही नव्हतं. चाक लोण्यासारखं वळलं. नानांनी टेक लॉगमध्ये दोन ओळी लिहून सही ठोकली.

मालकांनी लॉग वाचला. "पार्ट कुठला बदलला?"

"कुठलाच नाही."

"मग अख्खी दुपार कशात गेली?" असं म्हणून त्यांनी कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेल्या ज्युनियरच्या पाठीवर थाप मारली. त्यानं बिचाऱ्यानं मधल्या वेळात शेजारच्या विमानाचा शिमी डॅम्पर नमुना म्हणून सोडवून ठेवला होता. "याला म्हणतात मेहनत!"

नाना काही बोलले नाहीत. पण पोपटनं त्यांना एक सल्ला दिला आणि तो त्यांनी मनावर घेतलेला दिसतो. हल्ली विचार करायचा असला की नाना आधी जवळच्या विमानाचं काउलिंग उघडतात, दोन पाने आणि एक चिंधी पंखाखाली पसरतात, आणि मग कप घेऊन बसतात. उघडं इंजिन दिसलं की मालक लांबूनच "चालू द्या, चालू द्या" म्हणत निघून जातात. यंदा नानांना इन्क्रीमेंट मिळालं.